कापडी की पत्र्याचं

अकरा महिने झाले होते आणि अण्णांचं विमान ठरत नव्हतं. नऊ महिन्यांत अख्खा माणूस तयार होतो, हे आईनं त्यांना दोनदा ऐकवलं होतं. त्यावर अण्णा शांतपणे म्हणाले होते, "त्यात निवड करायची नसते ना, म्हणून वेळेत उरकतं."

शाळेत एकतीस वर्षं सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला माणूस बाग करतो, फार तर एखादं कपाट करतो. अण्णा विमान चालवायला शिकले. आणि कहर म्हणजे, चांगलं शिकले. गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावर जो शिकवायचा त्याला सगळे कॅप्टन म्हणत. त्याच्या तोंडून कुणाविषयी बरा शब्द निघणं मुश्किल, पण तोही म्हणाला की मास्तरांचा हात हलका आहे. तेवढं पुरलं. परवाना हातात पडला त्या दिवसापासून अण्णांना स्वतःचं विमान हवं होतं, आणि त्या दिवसापासून घरातली शांतता गेली.

विकायला दोन होती. दोन्ही विमानतळावरच्या एकाच हँगरमध्ये, शेजारी शेजारी. एक अल्ट्रालाइट. म्हणजे नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, पाठीमागे छोटं इंजिन आणि कशीबशी दोन माणसं मावतील एवढी जागा. दुसरं पस्तीस वर्षांचं, ॲल्युमिनियमचं, कारखान्यातून रीतसर प्रमाणपत्र घेऊन निघालेलं आणि सोबत दुरुस्त्यांच्या नोंदींची तीन जाडजूड लॉगबुकं बाळगणारं. घरात त्यांची नावंच पडली होती, कापडी आणि पत्र्याचं. सकाळच्या चहाला कापडीचं पारडं जड असायचं, जेवताना पत्र्याचं, आणि हात धुवून उठेपर्यंत पुन्हा भिजत घोंगडं.

अण्णांनी एक वही केली होती. मधोमध रेघ, डावीकडे एक, उजवीकडे दुसरं. कापडी चिमूटभर जागेत उतरतं, पण वारा जरा उठला की हँगरमध्ये बसवून ठेवावं लागतं. पत्र्याचं वाऱ्याला भीत नाही, पण त्याला एक नट बदलायचा तर नटाबरोबर दोन कागद लागतात. कापडीला वजनाची मर्यादा होती, म्हणून अण्णांनी घरच्या काट्यावर आधी स्वतःला, मग पेट्रोलच्या डब्याला आणि शेवटी बायकोला उभं केलं. "पर्स घेऊन उभी राहा," म्हणाले, "खरं वजन हवं." तेव्हापासून वही दिसली की आई उठून आतल्या खोलीत जायची.

लेकीला तसं उठून जाता येत नव्हतं. त्या विमानतळावरची परवाना असलेली एकुलती एक मेकॅनिक तीच. तिथे सगळे तिला बाई म्हणत. पत्र्याच्या विमानाचं साधं झाकणसुद्धा तिच्या परवानगीशिवाय कुणाला उघडता येत नव्हतं, आणि तिची सही झाल्याशिवाय ते उडत नव्हतं. कापडीचं तसं नव्हतं. अल्ट्रालाइटची दुरुस्ती मालकानं स्वतः केली तरी नियमाला चालायचं. बाईचं घोडं अडलं होतं ते इथे.

कारण अण्णांची दुरुस्ती तिला ठाऊक होती. मिक्सर, शिवणयंत्र, फाटक, भिंतीवरचं घड्याळ, त्यांचा हात न लागलेली वस्तू घरात शिल्लक नव्हती. आणि हात लागल्यावर एखादा स्क्रू उरला नाही, असंही कधी झालं नव्हतं. उरलेले स्क्रू ते काचेच्या बरणीत टाकत. "कंपनीवाले उगाच जास्तीचे घालतात," एवढंच त्यांचं उत्तर. बरणी पाऊण भरली होती. मिक्सर चालायचा, हे कबूल. पण मिक्सर ओट्यावर चालतो, तीन हजार फुटांवर नाही. बरणीकडे नजर गेली की बाई ती उचलून फडताळात मागे ढकलायची. बाप त्या कापडाखाली बसून स्वतः कसलेल्या इंजिनाच्या भरवशावर वर जाणार आणि इंजिनाचा एक स्क्रू घरी बरणीत असणार, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलायचं नाही.

तिनं गोड बोलून पाहिलं, चिडून पाहिलं, आईला मध्ये घालून पाहिलं.

"अण्णा, पत्र्याचं घ्या. त्याला तुम्हाला हात लावता येणार नाही, यातच तुमचं भलं आहे."

अण्णा वहीत लिहीत.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय. मुद्दा क्रमांक सत्तेचाळीस."

"मुद्दे सत्तेचाळीस झाले, मग घ्या ना एकदाचं!"

"घेतलं असतं गं. पण एक गोष्ट अडते आहे."

"कोणती?"

"आहे एक," म्हणायचे आणि चष्मा पुसत बसायचे. ती एक गोष्ट वहीत नव्हती. बाईनं चोरून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वही वाचली होती. नुसतं अंग काढून घेण्यासाठी बोलतात, अशी तिची खात्री झाली होती.

शेवटी तिनंच हात टेकले आणि फर्मान काढलं. शनिवारी ती पत्र्याचं विमान आतून बाहेरून तपासेल आणि सही करेल. रविवारी सकाळी नऊ वाजता अण्णांनी ते कॅप्टनबरोबर उडवायचं, खाली उतरायचं आणि उतरल्या पायी उत्तर द्यायचं.

"त्यांच्याकडून लिहून घे," आई म्हणाली.

हँगरच्या भिंतीवर बाईची फळी होती. पांढऱ्या फळीवर प्रत्येक हत्याराची काळी आकृती रंगवलेली आणि त्या आकृतीवर ते हत्यार टांगलेलं. काम संपलं की आधी फळीकडे बघायचं. एक जरी आकृती उघडी दिसली तर झाकण लावायचं नाही, विमान हलवायचं नाही, हत्यार सापडेपर्यंत चहासुद्धा घ्यायचा नाही. एका चिमट्यापायी कॅप्टनला एकदा सव्वा तास ताटकळावं लागलं होतं. चिमटा बाईच्याच खिशात निघाला, आणि तिनं माफीबिफी काही मागितली नव्हती. ही पद्धत ती कुठल्या पुस्तकात शिकली नव्हती. शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात अगदी अशीच फळी होती आणि तिच्यापुढे अण्णा उभे असत.

शनिवारी अण्णांनी यायचं नाही, असं ठरलं होतं. अण्णा बरोबर साडेनऊला आले. खांद्याला स्वतःच्या हत्यारांची पिशवी.

"मी नुसता बघतो."

बाई तोपर्यंत शेपटीजवळच्या झाकणातून डोकं आणि एक हात आत घालून बसली होती. आतून केबल जात होत्या. त्या ओढल्या की शेपटीची आडवी पट्टी हलते आणि विमानाचं नाक वर-खाली होतं. त्या केबलच्या कप्पीचा नट ती दहा नंबरच्या पान्यानं आवळत होती. जागा एवढीशी, टॉर्च दातात.

"हा वॉशर उलटा नाही का?" मागून आवाज आला.

"नाही," ती न बघताच म्हणाली.

"मला वाटतं…"

"अण्णा."

"बरं."

दोन मिनिटं बरी गेली. मग पितळेची कप्पी जास्त टिकली असती. मग हे झाकण बिजागरीचं का नाही केलं. मग हा स्क्रू आठवा की नववा. बाईनं मनातल्या मनात शंभरपर्यंत आकडे मोजले, पुन्हा उलटे मोजले. आणि तेवढ्यात कानाजवळून तेलाच्या डब्याची लांब चोच झाकणातून आत शिरताना दिसली.

"एक थेंब फक्त," अण्णा म्हणाले.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हातातला पाना तिनं आतल्या कडेवर ठेवला, टॉर्च काढला आणि सगळं हँगर दणाणेल असा आवाज लावला. "बाहेर! आत्ताच्या आत्ता बाहेर व्हा! हे तुमचं शिवणयंत्र नाही! केबलला कुठलं तेल घालायचं ते पुस्तकात लिहिलेलं असतं, तुमच्या मनात येईल ते नाही! एक दिवस त्या बरणीपायी तुम्ही…"

अण्णांनी डबा पुसला, पिशवीत ठेवला आणि फळीच्या बाजूनं सावकाश चालत निघून गेले. दारातल्या खुर्चीवर बसलेल्या कॅप्टननं वर्तमानपत्र डोळ्यांसमोर आणखी उंच धरलं.

बाई पाणी प्यायली. परत येऊन तिनं नटावर बोट फिरवलं, नट पक्का होता. डोक्यात भांडण चालूच होतं, आणि न बोललेली वाक्यं आता एकेक सुचत होती. तिनं फळीकडे पाहिलं. सगळ्या आकृत्या झाकलेल्या. झाकण लावलं. आठ स्क्रू काढले होते, आठ लावले. बरणीत टाकायला एकही उरला नाही, असा टोमणा तिनं मनातल्या मनात मारूनही घेतला. मग लॉगबुकात नोंद लिहून सही केली.

त्या दिवशी जेवताना अण्णा विमानाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. "बरं वाटत नाही का यांना?" आईनं स्वयंपाकघरात हळूच विचारलं.

रविवारी बाई मुद्दाम उशिरा निघाली. नऊचं उड्डाण, आपण अकराला जाऊ, म्हणजे डोळ्यांसमोर काही नको. वाटेत तिनं तीन-चारदा वर पाहिलं. आभाळ मोकळं होतं. उतरले असतील, ती मनाशी म्हणाली, आणि पाय उचलला.

फाटकातच कॅप्टन आडवा आला. "बाई, तुमच्या वडिलांना आवरा. दोन तास झाले, जागचे हलत नाहीत."

विमान हँगरच्या दारात उभं होतं. शेपटीसमोर स्टूल टाकून अण्णा बसले होते, हात गुडघ्यांवर, वर्गात पोरांची वाट बघत बसल्यासारखे. शर्टाच्या खिशातून स्क्रू ड्रायव्हर डोकावत होता.

"आता काय झालं?" बाई लांबूनच सुरू झाली. "अठ्ठेचाळिसावा मुद्दा सुचला? माझा अख्खा शनिवार गेला. कॅप्टनची सकाळ गेली. तुम्हाला उडायचं आहे की आम्हाला सगळ्यांना वेड लावायचं आहे, ते एकदा सांगून टाका!"

अण्णांनी तिला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, "झालं? आता शेपटी उघड. आत काहीतरी आहे."

"मी दहा वेळा आत बसून नाक वर-खाली करायची दांडी मागे-पुढे करून पाहिली," कॅप्टन म्हणाला. "मला काही ऐकू आलं नाही. कालची सही आहे, कागद स्वच्छ आहेत. तरी म्हटलं, मास्तर, एवढी शंका आहे तर उघडून बघा की, आठ तर स्क्रू आहेत, मी कुणाला सांगणार नाही. तर तेही करेनात!"

"दांडी शेवटपर्यंत मागे ओढली की एकदाच येतो आवाज," अण्णा म्हणाले. "खणात पेन्सिल राहिली की खण ओढताना जसा येतो, तसा."

बाईनं पत्र्याला कान लावला. "ओढा," ती कॅप्टनला म्हणाली. त्यानं आत चढून दांडी मागे ओढली. पट्टी वर गेली, आणि अगदी शेवटाला आत एक बारीक टक् झालं.

तिनं आठही स्क्रू काढले. झाकणातून टॉर्च मारला. दहा नंबरचा पाना कडेवरून घसरून खाली आला होता आणि केबलला टेकून पडला होता, कप्पीपासून दोन बोटांवर. आणखी दोन बोटं सरकला असता तर केबल आणि कप्पीच्या मधोमध बसला असता. नाक वर घेतलेलं तसंच अडकलं असतं आणि विमान कोसळलं असतं. पुढचं सांगायला कुणी लागत नव्हतं. कॅप्टननं डोक्यावरची टोपी काढली आणि उगाच हातात फिरवत राहिला.

बाईनं पाना बाहेर काढला आणि फळीकडे पाहिलं. फळी भरलेली होती. दहा नंबरच्या आकृतीवर दहा नंबरचा पाना लटकत होता. ती चालत गेली, तो खाली काढला, दांड्यावर अंगठा फिरवला. दांड्यावर टोकदार पंचानं ठोकून मारलेला बारीक ठिपका होता. असा ठिपका अण्णा स्वतःच्या हत्यारांवर मारत, शाळेच्या हत्यारांत मिसळू नयेत म्हणून.

"हा इथे कुणी लावला?"

"मी," अण्णा म्हणाले. "काल जाताना."

"का?"

"जागा रिकामी दिसली." त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "शाळेत घंटा झाली आणि एखादं हत्यार सापडत नसलं की मी माझं लावून टाकायचो. पोरं उगाच अडकून पडायची. ती गेली की मी शोधत बसायचो. काल तू आधीच चिडलेली, म्हटलं आता हे सापडलं नाही की आणखी चिडेल. शाळेत रंधा हरवला तर टेबल पडत नव्हतं गं. मला आज आवाज आला तेव्हा कळलं मी काय केलं ते. पण आत तो पाना आहे की आणखी काही, ते बघितल्याशिवाय कसं सांगणार?"

बाईला ओरडायचं होतं. पण दुसऱ्या हातात तिचा स्वतःचा पाना होता. तो कडेवर तिनं ठेवला होता. झाकण लावण्यापूर्वी आत एकदा टॉर्च मारायला तिला कुणी अडवलं नव्हतं. ती तिथेच फरशीवर बसली. एवढी भीती तिला आयुष्यात वाटली नव्हती. बरणीतल्या स्क्रूंची काळजी करत राहिली आणि बापाला मारायची व्यवस्था स्वतःच्या हातानं, सहीनिशी करून घरी गेली होती.

"मग उघडलं का नाहीत तुम्ही?" तिनं विचारलं. "स्क्रू ड्रायव्हर खिशात आहे. घरातली एक वस्तू सोडली नाहीत उघडायची."

"घरातल्या वस्तूंवर तुझी सही नसते."

तिनं टेबलावरच्या लॉगबुकाकडे पाहिलं.

"ती एक गोष्ट अडते म्हणायचो ना मी," अण्णा म्हणाले, "ती हीच. कापडी पडलं तर लोक म्हणतील, मास्तर स्वतःच्या हातानं गेला. विषय संपला. पत्र्याचं पडलं तर लॉगबुकात शेवटची सही तुझी. लोक काय म्हणतील ते सोड, तू ती सही जन्मभर बघत बसशील. हे वहीत कसं लिहू? तू वही वाचतेस, मला माहीत आहे." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तर आता ठरलं. कापडी घेतो. तुझ्या डोक्याला ताप नको."

अकरा महिने ती त्यांच्या हातांना घाबरत होती आणि ते तिच्या सहीला घाबरत होते. एकानंही तोंडानं सांगितलं नाही. उलट मुद्द्यांना नंबर घालत बसले. बाईला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला, त्यांचाही आणि स्वतःचाही.

ती उठली. टेबलावरचं लॉगबुक उघडलं, कालच्या नोंदीवरून पट्टी धरून एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहायला घेतलं. अण्णा मागे येऊन उभे राहिले आणि तिच्या खांद्यावरून वाचू लागले. शेपटीत दहा नंबरचा पाना राहिला होता. चूक माझी. आवाज मालकांनी ओळखला आणि विमान जमिनीवर थांबवलं. पूर्ण तपासणी पुन्हा सुरू.

"मालकांनी?" अण्णा म्हणाले. "अगं, मी आत्ताच सांगितलं ना कापडी…"

"लॉगबुकात खोडाखोड चालत नाही."

"आत्ताच एक ओळ खोडलीस की."

"एका पानावर एकदाच चालते." तिनं सही केली, आणि पेन एवढं दाबलं की खालच्या पानावरही उमटली असावी. "आणि माझी सही आहे, तिचं काय करायचं ते माझं मी बघेन. आवाज आला म्हणून दोन तास स्टुलावर बसून राहणारा दुसरा माणूस या विमानतळावर मला दाखवा. कॅप्टन तर उघडा म्हणत होते! तुम्ही कापडात बसलात तर बसाल, पण मग रोज सकाळी मी फाटकात आडवी पडेन. सांगून ठेवते."

कॅप्टननं खाकरल्यासारखं केलं आणि तो चहा सांगायला गेला.

बाईनं ठिपक्याचा पाना अण्णांच्या हातात ठेवला. "हा घरी. पुन्हा या फळीवर दिसला तर तुम्हालाच टांगीन." तिचा पाना तिनं पुसून जागेवर लावला. मग टॉर्च त्यांच्यापुढे धरला. "हा घ्या. पहिल्यापासून सगळं बघायचं आहे. नुसता धरायचा. बोलायचं नाही."

अण्णांनी टॉर्च धरला. बाईनं झाकणातून डोकं आत घातलं. हात म्हातारा होता, पण उजेड जराही हलत नव्हता. एक नट झाला, दुसरा झाला.

"तो वॉशर…" मागून हळूच आलं.

"अण्णा!"

"बरं."

बाई थांबली. मग मान आणखी आत घालून तिनं वॉशरकडे पाहिलं. बोटानं चाचपलं, पुन्हा पाहिलं.

"सरळ आहे," ती म्हणाली.

"बरं," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी उजेड पुढच्या नटावर नेला.